कळींचे कोष्टक

लिहावयास शिकणे म्हणजे प्रथम कित्ता गिरविणे, अशी आपल्याकडील जुनी रीत होती. धूळपाटीवर बोट फिरवावे, मग बोरू हाती घ्यावा, पंतोजींनी काढून दिलेल्या ओळीखाली ओळ उतरावी, आणि असे करता करता हाताला वळण लागावे. ‘वळण’ हा शब्दच मोठा अर्थपूर्ण आहे. अक्षराला वळण असते, तसे ते हातालाही असते; आणि एकदा लागलेले वळण सहसा जात नाही. बोरू गेला, टाक गेला, आणि आज बहुसंख्य मराठी मजकूर कळफलकावर किंवा दूरध्वनीच्या काचेवर बोटे आपटून लिहिला जातो. कित्ता मात्र नाहीसा झालेला नाही. तो यंत्राच्या पोटात जाऊन बसला आहे, एवढेच. कोणती कळ दाबली असता कोणते अक्षर उमटावे, कोणत्या दोन कळा एकामागून एक दाबल्या असता कोणते जोडाक्षर व्हावे, याचे एक कोष्टक कोणीतरी, केव्हातरी, एका साध्या फाईलमध्ये लिहून ठेवलेले असते. लिहिणाराला ते दिसत नाही. परंतु त्याच्या हाताला वळण लावणारा आजचा पंतोजी तोच होय.

हे कोष्टक एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात, एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेताना काय होते, हा प्रश्न वरवर पाहता तंत्रज्ञांचा वाटतो. वस्तुतः तो भाषेचा प्रश्न आहे. आणि त्याचे एक बोलके उदाहरण महाराष्ट्रात नव्हे, तर बंगळूर शहरात सापडते. त्याकडे वळण्यापूर्वी या कोष्टकाची कुळकथा थोडक्यात पाहणे इष्ट होईल.

टंकलेखन यंत्र आले तेव्हा पाश्चात्य भाषांपुढेही एक अडचण उभी राहिली. फ्रेंच किंवा जर्मन अक्षरांच्या डोक्यावर स्वरचिन्हे असतात. प्रत्येक चिन्हांकित अक्षराला स्वतंत्र कळ द्यावी तर कळा पुऱ्या पडत नाहीत. म्हणून कारागिरांनी एक युक्ती केली. काही कळा अशा ठेवल्या की त्या दाबल्यावर चिन्ह तर उमटावे, परंतु कागद पुढे सरकू नये. मग पुढचे अक्षर त्याच जागी, त्या चिन्हाखाली येऊन बसे. इंग्रजीत या कळीला ‘मृत कळ’ असे नाव पडले.

देवनागरीचे टंकलेखन यंत्र तयार करणारांना ही युक्ती फार उपयोगी पडली. कागद न सरकविणाऱ्या कळींवर मात्रा आणि अनुस्वार यांची सोय झाली. अर्ध्या अक्षरांना निराळ्या कळा मिळाल्या. गोदरेज कंपनीने १९५५ साली भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र बाजारात आणले, आणि पुढील काही दशके मराठी कचेऱ्यांतून अशा यंत्रांचा खडखडाट चालू राहिला. त्या यंत्रावर लिहिणारा टंकलेखक अक्षर ‘लिहीत’ नसे, तो ते तुकड्यातुकड्यांनी ‘रचीत’ असे. ‘किती’ हा शब्द लिहिताना पहिली वेलांटी ‘क’च्या आधी डोळ्यांना दिसते, म्हणून त्याने ती आधी दाबावयाची. ‘सर्व’ या शब्दातील रफार ‘व’च्या डोक्यावर दिसतो, म्हणून ‘व’ झाल्यावर रफार द्यावयाचा. कानाला ऐकू येणारा क्रम एक, आणि हाताने पाळावयाचा क्रम दुसरा. यंत्राला ध्वनी ठाऊक नव्हता. त्याला केवळ आकार ठाऊक होता.

संगणकाने या व्यवहारात मूलभूत पालट केला. संगणक अक्षराचे चित्र साठवीत नाही; तो अक्षराचा क्रमांक साठवितो, आणि चित्र पडद्यावर दाखविताना काढतो. त्यामुळे ‘सर्व’ हा शब्द उच्चाराच्या क्रमानेच, म्हणजे ‘स’, ‘र’, हलन्ताचे चिन्ह आणि ‘व’ असा साठविता येतो, व रफार योग्य जागी बसविण्याचे काम यंत्रावर सोपविता येते. परंतु कळा किती असाव्यात, ही अडचण जशीच्या तशी राहिली. अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीने १९८०च्या दशकाच्या आरंभी आपल्या कळफलकावर ‘कंपोज’ या नावाची एक कळ बसविली. मराठीत तिला ‘जोडकळ’ म्हणावयास हरकत नाही. ही कळ दाबली की काहीच उमटत नाही. यंत्र केवळ सावध होते. मग एकामागून एक दोन किंवा अधिक कळा दाबावयाच्या, आणि त्या सर्वांचे मिळून एक अक्षर व्हावयाचे. ही कल्पना पुढे युनिक्स आणि लिनक्स या संगणक-प्रणालींत रुजली. त्या प्रणालींतील ‘एक्स’ नावाच्या चित्रपट-व्यवस्थेने, जिचा आरंभ १९८४ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत झाला, अशा जोडणीच्या हजारो नियमांची एक फाईलच तयार ठेवली आहे. शिवाय कोणाही वापरणाराला आपले स्वतःचे नियम वेगळ्या फाईलमध्ये लिहिता येतात.

या फाईलची भाषा अगदी साधी आहे. एका ओळीत एक नियम. डाव्या बाजूला कळींची नावे कोनाकृती कंसांत, क्रमाने, मध्ये अपूर्णविराम, उजव्या बाजूला अवतरणचिन्हांत उमटावयाचे अक्षर. कोणास टीप लिहावयाची असेल तर ती एका खुणेनंतर लिहावी. यंत्र ती वाचीत नाही, माणसाने वाचावी. जोडकळ, त्यानंतर इंग्रजी मोठा ‘आर’, त्यानंतर बरोबरीचे चिन्ह, आणि फळ म्हणून २०१० साली भारत सरकारने स्वीकारलेले रुपयाचे चिन्ह, असा एखादा नियम म्हणजे एक ओळ झाली. संस्कृत शिकविताना गुरुजी श्लोकाचा प्रथम पदच्छेद करीत, मग अन्वय लावीत. संगणकही प्रत्येक ओळीचा असाच पदच्छेद करतो: टीप बाजूला काढतो, कळींची नावे ओळखतो, फळ कोणते ते पाहतो, आणि सर्व नियम एका वृक्षाच्या रूपाने मांडतो. प्रत्येक कळ ही एक फांदी. फांद्यांच्या शेवटी फळ.

येथेच पहिली अडचण उद्भवते. समजा, कोणी एक नियम लिहिला की जोडकळ आणि ‘र’ दाबले असता एक विशिष्ट अक्षर यावे; आणि खाली दुसरा नियम लिहिला की जोडकळ, ‘र’ आणि ‘य’ दाबले असता दुसरेच काही यावे. पहिल्या दोन कळा दाबल्याबरोबर यंत्राने पहिला नियम लागू केला, तर तिसऱ्या कळीची वाट पाहता येत नाही; आणि वाट पाहिली, तर पहिला नियम लागू होत नाही. जेथे फळ लागले तेथून पुढे फांदी फुटत नाही. तेव्हा दोहोंपैकी एका नियमाला माघार घ्यावीच लागते. दोन नियमांच्या डाव्या बाजू अगदी सारख्या असतील तर मागाहून लिहिलेला नियम मानावयाचा, असा येथील प्रघात आहे. पाणिनीच्या अष्टाध्यायीतही दोन तुल्यबळ नियमांचा विरोध आला असता पुढील नियम प्रबळ समजावा, असे सांगितलेले आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या व्याकरणकाराने जी व्यवस्था लावली, तिच्याच जातीची व्यवस्था आजच्या यंत्रालाही लावावी लागते. नियमांची मांडणी थोडक्यात, परंतु निःसंदिग्ध करावयाची म्हटले की माणसाची बुद्धी अशाच वाटेने जाते.

आता बंगळूरकडे वळू. या शहराला अनेक भाषांच्या सहवासाची सवय फार जुनी आहे. सतराव्या शतकात, १६३८नंतर, बंगळूरची जहागीर शहाजीराजांकडे होती. त्यांच्या आश्रयाला असलेल्या जयराम पिंड्ये या कवीने ‘राधामाधवविलासचंपू’ हा ग्रंथ रचला. त्यात संस्कृतच्या जोडीला अनेक देशभाषांतील पद्ये आहेत. आजही या नगरीत कन्नड, तमिळ, तेलुगू, उर्दू, मराठी, हिंदी या भाषा एकाच रस्त्यावर ऐकू येतात. अशा नगरीत, विसाव्या शतकाच्या अखेरीस, कन्नड भाषा संगणकावर सुलभतेने लिहिता यावी म्हणून काही माणसांनी मोठे परिश्रम केले. त्यांत के. पी. राव यांचे नाव अग्रक्रमाने घेतले पाहिजे. त्यांनी कन्नडसाठी ध्वनीला अनुसरणारा एक कळफलक योजिला. बंगळूरच्या कन्नड गणक परिषत्तु या संस्थेने ‘नुडी’ हा कन्नड लेखनाचा प्रोग्राम तयार केला, त्यात याच मांडणीचा अवलंब झाला, आणि कर्नाटक सरकारनेही ती प्रमाण म्हणून स्वीकारली. संस्थेच्या नावातील आद्याक्षरांवरून तिला ‘कगप’ असे सुटसुटीत नाव मिळाले.

या मांडणीचे सौंदर्य तिच्या काटकसरीत आहे. इंग्रजी कळफलकावरील सव्वीस कळा हेच तिचे भांडवल. ‘के’ या कळीवर ‘क’, आणि तीच कळ शिफ्टसह दाबली तर ‘ख’; ‘जी’वर ‘ग’, शिफ्टसह ‘घ’. अल्पप्राण साध्या दाबाने, महाप्राण जोरकस दाबाने, ही योजना ध्वनिशास्त्राला धरून आहे आणि लक्षात ठेवण्यासही सोपी आहे. तवर्ग ‘टी’ आणि ‘डी’ या कळींवर बसविल्यावर टवर्गाला जागा कोठली? तर इंग्रजीत ज्यांचा आपल्याला विशेष उपयोग नाही अशा ‘क्यू’ आणि ‘डब्ल्यू’ या कळींवर ‘ट’ आणि ‘ड’ यांची सोय लावली. आणि जोडाक्षराचे काय? त्यासाठी ‘एफ’ ही एकच कळ राखून ठेवली. ‘एफ’ म्हणजे हलन्त. ‘के’, ‘एफ’, ‘वाय’ असे दाबले की ‘क्य’. भारतीय भाषांत जोडणी हा अपवाद नसून नित्याचा व्यवहार आहे. म्हणून अमेरिकेतील जोडकळ जेथे कोपऱ्यात बसली होती, तेथे बंगळूरच्या जोडकळीला डाव्या हाताच्या तर्जनीखालचे मानाचे स्थान मिळाले.

ही मांडणी कन्नडपुरतीच राहिली असती तर मराठी श्रोत्यांना तिचे कौतुक वाटले असते, परंतु प्रयोजन वाटले नसते. पुढची गोष्ट अशी की, लिनक्स प्रणालीसाठी जगभरातील कळफलकांची जी कोष्टके एकत्र ठेवलेली आहेत, त्यांत ‘कगप’ ही मांडणी कन्नडबरोबरच तेलुगू, हिंदी, संस्कृत आणि मराठी यांसाठीही उतरविलेली आहे. म्हणजे बंगळुरात कन्नडसाठी लावलेले वळण आज मराठी हातांनाही उपलब्ध आहे.

असे भाषांतर शक्य झाले याचे श्रेय जितके आजच्या तंत्रज्ञांना, तितकेच आपल्या वर्णमालेला द्यावयास हवे. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने १९८६ साली ‘इनस्क्रिप्ट’ ही कळफलकाची मांडणी प्रमाण ठरविली. तीत सर्व भारतीय लिपींतील ‘क’ एकाच कळीवर ठेवला. आयआयटी कानपूर येथे आरंभ होऊन १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक संस्थेत पुढे गेलेल्या कार्यातून भारतीय लिपींच्या समाईक संकेतांची वाट रुंदावली, आणि १९९१ साली त्यांचे भारतीय मानक झाले. त्याच वर्षी पहिली आवृत्ती निघालेल्या युनिकोड या जागतिक संकेतावलीने भारतीय लिपींसाठी हाच क्रम आधारभूत मानला. परिणामी देवनागरी ‘क’चा क्रमांक २३२५, तर कन्नड ‘क’चा ३२२१. अंतर ८९६. ‘ख’ आणि ‘ख’ यांतील अंतर ८९६. ‘ळ’ आणि ‘ळ’ यांतीलही तेवढेच. जणू एकाच नकाशावर दोन नगरे वसविली असून, एकातील देवळापासून जितकी पावले चालले असता दुसऱ्यातील देऊळ येते, तितक्याच पावलांवर एकातील बाजारापासून दुसऱ्यातील बाजार लागतो. मग कन्नड कोष्टकाचे मराठी कोष्टक करावयाचे ते काय? प्रत्येक क्रमांकातून ८९६ वजा करावेत, आणि काम संपले!

परंतु काम संपत नाही, आणि विचार करण्याजोगा भाग येथूनच सुरू होतो. कन्नडमध्ये ऱ्हस्व ‘ए’ आणि दीर्घ ‘ए’ असे दोन स्वर आहेत, ‘ओ’चेही तसेच. मराठीत हा भेद लिपीत नाही. ऱ्हस्व ‘ए’च्या क्रमांकातून ८९६ वजा केले तर उत्तर येते, आणि त्या उत्तराला देवनागरीत एक अक्षरही आहे; पण ते द्राविडी भाषांतील उच्चार नागरीत दाखविण्यासाठी राखलेले अक्षर आहे. मराठी शाळेत ते कोणी शिकत नाही. यंत्राच्या दृष्टीने गणित अचूक, आणि मराठीच्या दृष्टीने अक्षर परके! उलटपक्षी, ‘ऑगस्ट’मधील ‘ऑ’ आणि ‘ॲ’ ही मराठीला रोज लागणारी अक्षरे. ती वजाबाकीने मिळत नाहीत, कारण कन्नडमध्ये त्यांच्या समोरच्या जागाच मोकळ्या आहेत किंवा दुसऱ्याच चिन्हांनी व्यापलेल्या आहेत. ही अक्षरे कोणीतरी मराठी जाणणाराने, हेतुपुरस्सर, कोष्टकात घातली तरच येतात.

सर्वांत मौजेची गोष्ट ‘र’ची आहे. जुन्या कन्नडमध्ये एक निराळा, ठसठशीत ‘र’ होता; आजच्या लेखनातून तो गेला आहे. त्याच्या क्रमांकातून ८९६ वजा केले असता देवनागरीतील बिंदूयुक्त ‘ऱ’ मिळतो. आणि हाच ‘ऱ’ हलन्त होऊन ‘य’ किंवा ‘ह’ यांना जोडला की मराठीचा खास आडवा रफार सिद्ध होतो. ‘वाऱ्यावर’, ‘तऱ्हा’, ‘वऱ्हाड’ हे शब्द त्याच्यावाचून लिहिता येत नाहीत. हिंदीला त्याची गरज नाही; मराठीला आहे. ‘आचार्यांना नमस्कार’ म्हटले तर गुरुजनांना वंदन होते, आणि ‘आचाऱ्यांना नमस्कार’ म्हटले तर ते मुदपाकखान्यातील मंडळींना पोचते. कन्नडने टाकून दिलेल्या अक्षराच्या जोडीदाराने मराठीची अशी निकड भागवावी, हा योगायोग नव्हे. दोन्ही लिपींचा नकाशा एक आहे, याची ती खूण आहे.

अडचण आणखी एका ठिकाणी येते. ‘नुडी’सारख्या प्रोग्रामला स्मरणशक्ती असते. आधी व्यंजन लिहिले आहे की नाही हे तो पाहतो. व्यंजनानंतर स्वराची कळ दाबली तर मात्रा देतो. शब्दारंभी तीच कळ दाबली तर पूर्ण स्वर देतो. कळफलकाचे नुसते कोष्टक मात्र स्मृतिहीन असते. त्यात कळ आणि अक्षर यांची गाठ एकदा पडली की पडली. म्हणून असे कोष्टक करताना मात्रेला एक जागा आणि पूर्ण स्वराला दुसरी जागा द्यावी लागते, आणि लिहिणाराला एक कळ अधिक सांभाळावी लागते. जोडकळीच्या फाईलला थोडी स्मृती असते. पण ती जोडकळ दाबल्यानंतरच्या कळांपुरतीच. त्यापूर्वी काय लिहिले गेले, हे तिला ठाऊक नसते. शिवाय ‘ज्ञ’ हे डोळ्यांना एक दिसणारे अक्षर संकेतांत तिघांचे मिळून बनते: ‘ज’, हलन्त आणि ‘ञ’. जोडकळीच्या नियमात उजव्या बाजूला तिन्ही लिहिता येतात. विंडोज प्रणालीतील मृत कळीच्या कोष्टकात मात्र उत्तराच्या घरात एकच संकेत मावतो. तेव्हा एका प्रणालीतील नियम दुसरीत नेताना काही नियम मावतच नाहीत. अशा वेळी रूपांतर करणारा प्रोग्राम दोनपैकी एक करू शकतो. न मावलेले नियम मुकाट्याने गाळू शकतो, किंवा ‘एवढे नियम मावले नाहीत’ असे स्पष्ट सांगू शकतो. पहिला मार्ग सोपा आहे आणि घातक आहे. लिहिणाराला वाटते की कळफलक तोच आहे. प्रत्यक्षात त्याच्या भाषेतील एखादे अक्षर वाटेत गळून पडलेले असते.

अक्षर गळले तर निदान ते दिसून येते. त्याहून बिकट गोष्ट म्हणजे न दिसणारा फरक. युनिकोडच्या नियमांनुसार मराठीचा आडवा रफार दोन रीतींनी लिहिता येतो. एका रीतीत बिंदूयुक्त ‘ऱ’ आणि हलन्त. दुसऱ्या, जुन्या रीतीत साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य सांधा. पडद्यावर दोन्ही ‘वऱ्हाड’ तंतोतंत सारखे दिसतात. परंतु यंत्राच्या लेखी ते दोन निरनिराळे शब्द आहेत. ‘ॲ’चेही असेच. या अक्षराला स्वतंत्र क्रमांक २००८ साली मिळाला. त्यापूर्वी ‘अ’ लिहून त्यावर चंद्र देत असत, आणि ती रीत पुष्कळ ठिकाणी अजून चालू आहे. एका कोष्टकाने एक रीत पत्करली, दुसऱ्याने दुसरी, आणि कोणी दोन्हींची सांगड घातली नाही, तर काय होते? एका कारकुनाने नोंदविलेले नाव दुसऱ्या कारकुनाला शोधून सापडत नाही. नाव समोर असते. शोध घेणारे यंत्र मात्र ‘नाही’ म्हणते. शिधापत्रिका, सातबारा, मतदारयादी, ग्रंथालयाची सूची असे जेथे जेथे मराठी नाव हे ओळखीचे साधन आहे, तेथे तेथे असा अदृश्य फरक माणसाला खेटे घालावयास लावू शकतो.

मराठी माणसाला हा धोका समजावून सांगण्यास फार शब्द लागू नयेत. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा वध झाला, आणि ‘धरावे’चे ‘मारावे’ झाल्याची आख्यायिका ‘ध चा मा’ या दोन अक्षरांत आपल्या भाषेत कायमची राहिली. त्या कथेत अक्षर बदलणारा हात तरी होता, आणि बदल डोळ्यांना दिसत तरी होता. यंत्राच्या कोष्टकातील ‘ध चा मा’ कोणाच्या मनात नसताना होतो, आणि झाल्यावर दिसतही नाही.

यावर उपाय अवघड नाहीत. मात्र ते चिकाटीने केले पाहिजेत. मूळ कोष्टक एकच असावे, साध्या वाचनीय अक्षरांत असावे, आणि प्रत्येक ओळीपुढे ती तशी का आहे याची टीप असावी. निरनिराळ्या प्रणालींसाठी लागणारी कोष्टके त्या एकातूनच यंत्राने काढावीत. हाताने दहा प्रती करू नयेत, कारण दहा प्रतींत दहा चुका होतात आणि दहाही निरनिराळ्या होतात. आडवा रफार कोणत्या संकेतांनी लिहावयाचा, ‘ॲ’ कोणता धरावयाचा, हे एकदा ठरवून उघड लिहून ठेवावे. आणि शोध घेणाऱ्या यंत्राला दोन्ही रूपे एकच समजावयास शिकवावे. रूपांतर झाल्यावर ते पडताळण्यासाठी मराठी शब्दांची एक छोटी यादी पुरे: ‘सूर्य’ आणि ‘सुऱ्या’, ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’, ‘बाळ’, ‘ज्ञान’, ‘ऑगस्ट’, ‘ॲल्युमिनियम’. हे शब्द नव्या कोष्टकाने लिहून पाहावेत, आणि ते केवळ दिसतात कसे हे न पाहता आत साठतात कसे हेही पाहावे. जुन्या पोथ्यांची नक्कल उतरणारा लेखक शेवटी मूळ प्रतीशी ताडून पाहत असे. तेच हे काम आहे.

असे काम करण्यास मोठ्या कारखान्याची जरूर नसते. ही कोष्टके खुली आहेत. कोणीही ती वाचावीत, चूक दिसल्यास दाखवावी, सुधारून द्यावी, अशी त्यांची व्यवस्था आहे. बंगळूरच्या मंडळींनी आपल्या भाषेची निकड ओळखून एक मांडणी उभी केली, आणि ती उघड्यावर ठेवली गेल्यामुळेच शेजारच्या भाषांना तिचा लाभ झाला. परंतु उसन्या आणलेल्या कोष्टकात आपला ‘ऱ’, आपला ‘ळ’, आपला ‘ॲ’ नीट बसला आहे की नाही, हे पाहावयास कन्नड भाषक येणार नाहीत, आणि त्यांनी यावे अशी अपेक्षाही रास्त नव्हे. ते काम मराठी वाचणाऱ्या डोळ्यांचे आहे. जोडाक्षरात पहिले व्यंजन आपला स्वर सोडून दुसऱ्याला बिलगते, पण आपली ओळख सोडीत नाही. म्हणूनच ते वाचता येते. दोन भाषांनी एक कळफलक वाटून घ्यावयाचा तर त्यांचीही जोडणी अशीच व्हावयास हवी, आणि ती तशी झाली की नाही हे एकेक ओळ वाचूनच कळेल.